ऋतुजाची सायकल आणि आमचं बाकडं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुकानाबाहेर एक बाकडं टाकायचं, वर थोडी सावली असावी, बस्स. पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात आणि माणूस दीड तास बसतो. नगरजवळ केडगावात माझं सायकलचं दुकान आहे, त्यामुळे असे दीड-दीड तास माझ्याकडे खंडीभर साठलेत.

सगळे मला मामा म्हणतात. माझी सख्खी भाची एकच, ती नाशिकला असते आणि तिला सायकलीचा कंटाळा आहे. पण रविवारी सकाळी घट्ट चड्ड्या घालून, हेल्मेट लावून जी काही मंडळी दुकानापुढे उभी राहतात, त्या सगळ्यांचा मी मामा. त्यातले बरेचसे किस्से एकाच पोरीचे आहेत. ते सांगतो.

*

पोरीचं नाव ऋतुजा. गाव घोडेगाव. वडील भानुदास अण्णा, तिथल्या जनावरांच्या बाजारात बैलांचे दलाल.

ती दहावीत असताना तालुक्याची शालेय सायकल स्पर्धा झाली. बाकीच्या मुली गिअरच्या सायकली घेऊन आलेल्या. ही शाळेतून मिळालेली सायकल घेऊन आली. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, बास्केटमध्ये जेवणाचा डबा, आणि वळणावर रीतसर घंटी वाजवत पहिली आली!

खेळाचे शिक्षक कदम सर घड्याळाकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, निदान कॅरिअर तरी काढून ठेवायचं!"

"आन् सर, जाताना घासाचं वझं कशावर न्हेऊ? म्हस वाट बघती."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात. "मामा, एका मुलीसाठी सायकल बघायची आहे." मी म्हटलं, "कुठली दाखवू?" सर म्हणाले, "जिला कॅरिअर बसवताच येणार नाही अशी."

*

सायकल मिळाली ती डॉक्टरांची. डॉक्टर म्हणजे सावेडीतले दातांचे डॉक्टर. दर दोन वर्षांनी नवीन सायकल घेतात आणि जुनी माझ्याकडे आणून उभी करतात. त्यांनी एकच अट घातली, दर रविवारी मुलीनं आमच्याबरोबर चालवायला यायचं. म्हणजे घोडेगावहून केडगाव चाळीसेक किलोमीटर, मग आमच्याबरोबर चालवायचं, मग परत चाळीस! डॉक्टरांना वाटलं, आपण तिला सराव देतोय.

पहिल्याच रविवारी तिला परत सोडायला म्हणून डॉक्टर इमामपूरच्या घाटात तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांच्या सायकलवर मीटर फार. एक हृदयाचे ठोके दाखवतं, एक पायाची ताकद दाखवतं, एक चढ किती टक्के ते सांगतं. ऋतुजा वर जाऊन, पाणी पिऊन, रस्त्याकडेच्या दगडावर बसली. बऱ्याच वेळानं डॉक्टर आले. धापा टाकत म्हणाले, "एकशे ब्याऐंशी! ठोके एकशे ब्याऐंशीवर गेले होते माझे!"

पोरीनं मीटरांकडे नीट बघून घेतलं आणि अगदी काळजीनं म्हणाली, "डॉक्टर, ही समदी घरी ठिवत जावा की. तेवढंच वझं कमी हुईल."

डॉक्टर हा किस्सा स्वतः सांगतात. मीटर मात्र अजून एकही काढलेलं नाही.

*

आता अण्णांचा किस्सा. इथं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, म्हणून नीट सांगतो.

ऋतुजा अकरावीत गेल्यावर सरांनी पुण्याहून ओळखीतून ट्रॅकची सायकल आणली. गोल, उतरत्या भिंतीच्या ट्रॅकवर जी चालवतात ती. तिला गिअर नसतो, ब्रेक नसतो. मागचं चाक आणि पेडल एकमेकांना बांधलेली. चाक फिरतंय तोवर पाय फिरवायचेच. अण्णा ती बघायला दुकानात आले. धोतर, टोपी, हातात चाबूक, कारण परस्पर बाजारातून आलेले. सायकलीभोवती दोन चकरा मारल्या, हँडल हलवलं, खाली वाकून बघितलं.

"ब्रेक कुटं हाय?"

"अण्णा, हिला ब्रेक नसतो."

"घंटी?"

"नाही."

"स्टँड?"

"तोही नाही."

अण्णांनी टोपी मागे सारली. "म्हंजी सामान कमी आन् किंमत जास्त. मामा, तुमी बाजारात का आला न्हाई वो? लई चालला आसता!"

मग बाकड्यावर बसले आणि खरं बोलले. घरात भावकी बोलत होती. पोरगी अशा कपड्यांत हायवेनं फिरते, उद्या हातपाय मोडला तर कोण करणार, वगैरे. अण्णा सरांना म्हणाले, "गुर्जी, दोन वर्सं. बारावी हुईस्तवर. तवर राज्याच्या टीममदी गेली, तर फुडं म्हनाल तिथं पाठवीन. न्हाई गेली, तर सायकल बंद. अठरा झाली की पाव्हनं बगायचं. बोला."

सर माझ्याकडे बघायला लागले. उत्तर दिलं पोरीनं. "कबूल," म्हणाली.

बाप-लेकीनं तिथंच माझ्या बाकड्यावर हातावर हात मारला. अण्णांनी दिलेला शब्द फिरवला असं घोडेगावच्या बाजारात कुणी सांगणार नाही. त्यामुळे मला त्या टाळीची भीतीच वाटली.

*

सरावाला वेग लागतो. मोठ्या गाडीच्या मागे सायकल ठेवली, की वारा लागत नाही आणि एरवी झेपत नाही तो वेग झेपतो. आमच्याकडे मोठी गाडी म्हणजे बापूंचा दुधाचा टेम्पो. बापू गावोगावचं दूध गोळा करून नगरला आणतात. सरांनी त्यांना सांगितलं, "पन्नासच्या खाली यायचं नाही, कुठं थांबायचं नाही. परतीच्या रस्त्यावर कॅन भरलेले असतील तेव्हाच."

आठवडाभर बापू पुढे आणि ऋतुजा मागे. आठव्या दिवशी बापू तोंड पाडून दुकानात आले.

"मामा, माझं चार गिऱ्हाईक तुटलं."

"का? दूध नासलं?"

"न्हाई वो! रोज आठला जायचं, आता सातलाच जातंय. बाया म्हनत्यात, बापू, एवढ्या लवकर कसं? हे कालच्या सांजचं तर न्हाई?"

*

बापू नसले, की कुत्री.

घोडेगाव ते इमामपूर या पट्ट्यात कुठल्या वस्तीवरचं कुत्रं किती लांबपर्यंत मागे लागतं हे ऋतुजाला पाठ होतं. सरांनी ते चक्क सरावाच्या तक्त्यात घेतलं! 'सोमवार: तीन कुत्री. बुधवार: पाच कुत्री. शुक्रवार: आराम, बाजाराची गर्दी.' पुण्याचे एक नामांकित प्रशिक्षक एकदा सरांचा तक्ता चाळत होते. त्यांना वाटलं, ही काहीतरी परदेशी पद्धत आहे. म्हणाले, "हे कुत्री म्हणजे नक्की काय युनिट आहे?"

सर म्हणाले, "साधारण चारशे मीटर. तांबडं असेल तर सहाशे."

एक दिवस मी मोटरसायकलवर तिच्या मागे होतो. एका वस्तीजवळ ती थांबली आणि तोंडानं 'यू, यू' करायला लागली. मी विचारलं, "काय झालं?"

"आजचं शेवटचं कुत्रं आलंच न्हाई, मामा. सरांना काय सांगू?"

*

पहिल्यांदा पुण्याच्या ट्रॅकवर गेलो तो दिवस. ती बिनब्रेकची सायकलही तोवर तिनं चालवलेली नव्हती. सर, मी, ऋतुजा, आणि अण्णाही आले, कारण त्यांना ती भिंत बघायची होती. बघितली. म्हणाले, "ह्याच्यावर बैल चडायचा न्हाई."

सरांनी ऋतुजाला सगळं समजावलं. वळणावर वेग कमी करायचा नाही, केलास तर घसरशील. पाय थांबवायचे नाहीत, थांबवलेस तर फेकली जाशील. पोरगी गुणी, सगळं डोक्यात घेतलं आणि सुटली. दहा फेऱ्या ठरल्या होत्या. दहा झाल्या. पंधरा झाल्या. सर ओरडले, "बास! थांब आता!"

ती समोरून जाताना ओरडली, "कशी?"

तेव्हा सरांच्या लक्षात आलं, थांबायचं कसं हे सांगायचंच राहिलं! ती पुढच्या फेरीला आली की सर एक वाक्य सांगायचे, "पाय हळूहळू जड कर!" पुढच्या फेरीला दुसरं, "खाली उतर, आतल्या बाजूनं!" पंचविसाव्या फेरीला सायकल सपाटीवर आली, पण उभी काही राहीना. शेवटी अण्णांनी धोतराचा काचा मारला, मैदानात उतरले, सायकलीबरोबर पळाले आणि उधळलेलं खोंड धरावं तसं सीट धरून पोरीला उभं केलं. तिथला रखवालदार शिट्ट्या फुंकत होता, त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

अण्णा दम खात सरांना म्हणाले, "गुर्जी, आमी गाडीला खोंड जुपायच्या आदी त्याला थांबायला शिकवतो."

*

ऋतुजाच्या आईला मी वहिनी म्हणतो. वहिनी कमी बोलतात. स्पर्धेचा सूट आला तेव्हा सगळ्यांना धास्ती होती, की वहिनी काय म्हणतील. अंगाला चिकटून बसणारा, गळ्यापासून मांडीपर्यंत एकसंध. वहिनींनी तो उलटा-सुलटा करून बघितला, आत नेला, शिलाई मशीनचा आवाज आला. आम्हाला वाटलं, बाह्या लांब करतायत.

स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर पंच तपासणीला आले आणि ऋतुजाच्या कमरेपाशी थांबले.

"हे काय?"

"खिसा."

"या सुटाला खिसा नसतो!"

"आईनं लावलाय. म्हनली, बिनखिशाचं कापड कसलं."

पंचांनी खिशात हात घातला. घराची किल्ली निघाली, कारण वहिनी शेतात जाणार होत्या. आणि भाजलेले शेंगदाणे नि गुळाचा खडा. किल्ली माझ्याकडे दिली. खिसा ब्लेडनं उसवून परत दिला. शेंगदाणे काही परत आले नाहीत.

*

आता जरा वाईट किस्सा. पहिल्या वर्षाची राज्य निवड चाचणी रस्त्यावरची होती. पहिल्या तिघी संघात जाणार. रस्ता बंद केलेला, चौकाचौकात पोलीस. पण मेंढरांना कोण सांगणार? शेवटचे पाच किलोमीटर उरले असताना एक अख्खा कळप रस्त्यावर आला. सात-आठ जणींचा घोळका थांबला. मी मागच्या गाडीत.

बाकीच्या मुली सायकलीवर बसून ओरडत होत्या. ऋतुजानं सायकल आडवी टाकली, खाली उतरली, 'हुर्र, हुर्र' करत मेंढरं एका अंगाला घेतली, दोन कोकरं उचलून कडेला ठेवली. रस्ता मोकळा झाला. आणि त्या मोकळ्या रस्त्यानं बाकीच्या सगळ्या निघून गेल्या!

ही सायकल उचलून, साखळी बसवून निघाली तोवर त्या दिसेनाशा झाल्या होत्या. तरीही दोघींना गाठलं तिनं. पाचवी आली.

मी फार चिडलो. सरळ बोललो, "तुला कुणी सांगितली होती राखणदारी?" तिनं मान खाली घातली. म्हणाली, "मामा, कोकरं लई बारकी हुती." एक वर्ष गेलं होतं आणि एकच उरलं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिच्या घरी थांबलो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला एकच विचारलं, "मेंढरू लागलं का एखादं?"

"न्हाई."

"मंग बस जेवायला."

*

दुसऱ्या वर्षीची चाचणी बारावीच्या परीक्षेनंतर, ट्रॅकवर. यंदा दोघीच जाणार होत्या. प्रकार सोपा, सगळ्याजणी एकत्र सुटतात, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या आणि शेवटी रेषा आधी ओलांडेल ती पुढे. आम्ही झाडून सगळे गेलो. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. बापूंनी दूध दुसऱ्याच्या टेम्पोत दिलं आणि घरच्या खव्याचे पेढे करून आणले.

शेवटच्या वळणावर तिघी एका ओळीत आल्या आणि तशाच रेषा ओलांडून गेल्या. मला विचाराल तर मला काहीच दिसलं नाही, मी डोळे मिटले होते. पंच फोटो बघायला आत गेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बापूंना वाटलं, एवढा वेळ लागतोय म्हणजे आपलीच आहे. त्यांनी डबा उघडला आणि वाटायला सुरुवात केली. आम्हाला दिले, प्रेक्षकांना दिले, त्या दुसऱ्या दोघी मुलींना दिले, त्यांच्या आयांना दिले. सगळ्यांनी तोंडात घातले आणि तेवढ्यात स्पीकरवर निकाल आला.

ऋतुजा तिसरी. टायरभराचं अंतर.

पेढा गिळावा की थुंकावा कुणाला कळेना. निवड झालेली एक मुलगी बापूंकडे येऊन म्हणाली, "काका, थँक्यू हं!" बापूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उरलेला डबा तिच्याच हातात दिला.

परतीला डॉक्टरांच्या गाडीत पाचजण होतो, बापू टेम्पोनं मागे. शिरूर गेलं, सुपा गेलं. केडगाव जवळ आल्यावर ऋतुजाच म्हणाली, "अण्णा, ठरल्यापरमानं बोलवा पाव्हन्यांना. मी न्हाई म्हननार न्हाई."

अण्णा 'हूं' म्हणाले. मी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं. उतरताना ती ट्रॅकची सायकल माझ्या दुकानात ठेवून घेऊ का, असं मी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊंद्या गाडीवरच. घरी न्हेऊ."

*

पुढच्या रविवारी पाहुणे आले. अण्णांनी मला आणि सरांना बोलावलं होतं, आपली माणसं हवीत म्हणून. मुलगा एमआयडीसीत कंपनीत, सरळ वाटला. मान खाली घालून पोहे खात होता. बोलत होते त्याचे चुलते. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शेतातलं काम येतं का. ऋतुजा साडी नेसून पाटावर बसलेली, सगळ्याची उत्तरं नीट देत होती. सर भिंतीकडे बघत होते.

मग चुलते म्हणाले, "मुलीला जरा चार पावलं चालू द्या."

ऋतुजा उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली. साडीची सवय नाही, मांड्या भरलेल्या, चाल जराशी फाकलेली. सायकल चालवणाऱ्या सगळ्यांची तशीच असते.

चुलते अण्णांकडे झुकले. "पाय जरा जड टाकतीया का वो?"

सरांनी बशी खाली ठेवली. वहिनी दारात आल्या. अण्णांनी चहाचा कप हातात तसाच धरला, पोरीच्या पायांकडे बघितलं, मग चुलत्यांकडे.

"पाव्हनं, तीस वर्सं बैलांच्या बाजारात हाय मी. जनावर लई मनात भरलं, की भाव पाडाया आमी पयलं हेच म्हनतो."

चुलते खूश होऊन हसले. "मंग ठरलं म्हना की!"

"न्हाई. वरीसभर न्हाई."

"म्हंजी वरसानं लगीन?"

"वरसानं चाचनी हाय," अण्णा म्हणाले, आणि पोरीकडे वळले. "रुते, हितं काय हुबी ऱ्हायलीस? जा, कापडं बदल. उजेड हाय अजून."